पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या सामान्य माणसाचं रोजचं जगणं कसं होतं?

१७ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कराच्या कारवाईपुढे, म्हणजेच पोलीस ॲक्शनपुढे, हैदराबादचा निजाम शरण आला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत, असं भाषणांत सांगतात. तसं काही झालं नाही. १९४९ च्या अखेरपर्यंत जनरल चौधरींचं लष्करी राज्य होतं. पैसाही दोन तऱ्हेचा, निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार; सहा कलदारला सात हाली. बाजारात भाव विचारला की आधी "हालीत का कलदारात?" हे ठरवावं लागायचं, असं आजी सांगायची.

सगळ्यात मोठा घोळ कागदांचा, आणि तो आजही मिटलेला नाही. आमच्या आजोबांचं खरेदीखत उर्दूत आहे. वाटणीच्या वेळी ते पुढे केलं तर चुलतभाऊ म्हणाला, "निजामाचा कागद आता कोण विचारतंय? रझाकारांची भाषा ती." रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना. फार लागलं मला. आजोबा उर्दू शाळेत शिकले, सही उर्दूत करायचे, आणि तेच आजोबा निजामाविरुद्ध लढायला बार्शीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात गेले होते. भाषा रझाकारांची कशी झाली?

लातूरला उर्दू शाळेतून रिटायर झालेले एक गुरुजी आहेत, त्यांच्याकडे गेलो. कागद घडीवर फाटलेला. त्यांनी तो उचलला नाही, टेबलावर ठेवूनच भिंगाने वाचला. साल १३५५ फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४५-४६. किंमत 'सिक्का उस्मानिया' रुपयांत, म्हणजे आपली हालीच. मग चतुःसीमा, पूर्वेला ओढा. तो ओढा आजही तिथंच आहे आणि चुलतभावाने बांध त्याच्या अलीकडे सरकवलाय.

एक राहिलं, आणि ते लहान नाही. रझाकारांनी खून, लूट, जाळपोळ केली. पण पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड भागात सूड उगवला गेला तो ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमानांवरही. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता. माझं उत्तर हिंदू शेतकऱ्याच्या घरातलं आहे. त्या घरांतही विचारा.

तुमच्या घरी असे कागद असतील तर लॅमिनेशन करू नका. उर्दू जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडून आत्ताच वाचून घ्या, तहसीलमधून १९५४ च्या खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढून ताडून बघा. आणि "उर्दूत आहे, फेकून द्या" म्हणणाऱ्या भाऊबंदाचा बांध आधी मोजून घ्या.