स्टोल्पेनचा विझलेला ज्वालामुखी आईबाबांना दाखवण्यासारखा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा उन्हाळ्यात जर्मनीत ड्रेस्डेनला येताहेत, जवळच स्टोल्पेनला विझलेला ज्वालामुखी, बेसॉल्टचे खांब आणि किल्ल्यातलं संग्रहालय आहे असं ऐकलंय, पण आपला अख्खा सह्याद्रीच त्या दगडाचा असताना तिकीट काढून तोच काळा दगड काय बघायचा?

दाखवा. फक्त ‘ज्वालामुखी दाखवतो’ असं सांगून नेऊ नका. मी तेच केलं होतं. माझे वडील जुन्नरकडचे, शेती करणारे. बसमधून उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “कुठाय?” समोर लाल कौलांचं छोटंसं गाव, त्याच्यामागे एक टेकडी आणि टेकडीवर काळे बुरूज. तोंड नाही, खड्डा नाही, राखेचा ढीग नाही. “हे तर टेकाड आहे. आपला हडसर याच्या कितीतरी वर.” मला काही बोलताच येईना, कारण खरंच होतं ते.

त्यांना नंतर समजावलं ते तुम्हालाही सांगतो, म्हणजे तुमची फजिती वाचेल. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी इथल्या ग्रॅनाइटमधून लाव्हा वर आला. वर जो काही ज्वालामुखी असेल तो पाऊस-वाऱ्यानं कधीच झिजून गेला. राहिलं ते नळीत गोठलेलं बूच. थंडीत बाटलीत खोबरेल थिजतं ना? बाटली फुटली तरी तेल काही वेळ बाटलीच्याच आकारात उभं राहतं, तसं. म्हणजे स्टोल्पेनला आपण ज्वालामुखीवर चढत नाही, त्याच्या गळ्यात अडकलेल्या घासावर चढतो.

आपल्याकडचं प्रकरण वेगळं. दख्खनमध्ये शंकूसारखा एखादा डोंगर फुटला नाही, जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला, थरावर थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आजही तो दगड पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दगड एकाच जातीचा, पण आपल्याकडे चादरी आणि इथे बूच. वडिलांना हे पटलं. मग त्यांनी बुरुजांच्या पायाशी असलेले खांब पहिल्यांदा नीट बघितले.

खांब मात्र बघण्यासारखे आहेतच. माणसानं घडवून रचल्यासारखे, पाच-सहा बाजूंचे, एकमेकांना चिकटून उभे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसला की तडकतो. मे महिन्यात तळं आटलं की तळाच्या गाळाला कशा भेगा पडतात, तसंच. फरक इतकाच, की इथे भेग वरच्या पापुद्र्यावर थांबत नाही. दगड जसजसा आतपर्यंत निवत जातो तसतशी ती आत सरकत जाते, आणि दोन भेगांच्या मध्ये जे उरतं तो खांब. ज्या बाजूनं निवायला सुरुवात झाली तिच्याशी खांब काटकोनात असतो. म्हणून खांब उभा आहे, तिरका आहे की आडवा पडलाय यावरून दगड कुठून थंड होत गेला ते कळतं. एका तुटलेल्या खांबाच्या डोक्यावर हात ठेवून बघा. माझा पंजा त्यावर जेमतेम मावला, आणि सहापैकी एक बाजू बाकीच्यांपेक्षा चांगली अर्ध्यानं लहान होती. चित्रातले षटकोन सरळ असतात, खरे असे वाकडेतिकडे.

असे खांब बघायला जर्मनीच गाठायला हवी असं नाही हेही सांगून टाकतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे तेच, साठेक मीटर उंच सरळ कडा आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. तिच्याभोवती इमारतींची इतकी गर्दी झालीय की मुंबईत जन्म काढलेल्यांनाही ती माहीत नसते. तिथे माथ्यावर देऊळ, इथे माथ्यावर किल्ला. उंच काळा कातळ दिसला की माणसाला वर काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडत नसावं.

आता स्टोल्पेनलाच का जायचं? एक कारण नावाचं. शाळेच्या पुस्तकात ‘असिताश्म’ वाचलेलं आठवत असेल, पण जग त्याला बेसॉल्ट म्हणतं. रोमन लेखक प्लिनीनं इजिप्तकडच्या एका लोखंडी रंगाच्या, लोखंडासारख्याच टणक दगडाचं नाव ‘बसाल्टेस’ असं लिहून ठेवलं होतं. पुढे पंधराशे वर्षांनी अॅग्रिकोला नावाचा सॅक्सनीतलाच, म्हणजे स्टोल्पेनच्याच प्रांतातला, एक वैद्य, ज्याला औषधांइतकाच खाणींचा नाद होता, तो स्टोल्पेनचा दगड बघून म्हणाला की हाच तो. १५४६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात ते आलं आणि दगडाला नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे आपला शिवनेरी आणि रायगड ज्या दगडाचे, त्याचं नाव रूढ होण्यात या टेकाडाचा हात आहे. गंमत म्हणजे हा दगड आगीतून आला की पाण्यातून, यावर पुढे अडीचशे वर्षांनी याच सॅक्सनीत भांडणं झाली. फ्रायबेर्गच्या खाण-विद्यालयातला वेर्नर हा त्या काळचा मोठा नावाजलेला शिक्षक, आणि तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की हा समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेला गाळ आहे. उलट बाजूचे जिंकले, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण विहीर. खरं सांगायचं तर मी पुन्हा गेलो तर त्या विहिरीसाठीच जाईन.

किल्ल्यात एकामागून एक चार अंगणं आहेत, आतल्या बाजूला ही विहीर. खोली ८० मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबानं २६० फुटांच्या पुढे. आतून बांधकाम नाही, कातळ हीच भिंत. ही विहीर होण्याआधी पाणी खालच्या खोऱ्यातून यंत्रानं वर चढवत, पण वेढा पडला की शत्रू पहिल्याच दिवशी ते तोडणार हे उघड होतं. म्हणून १६०८ साली फ्रायबेर्गच्या चांदीच्या खाणीतले कामगार आणून खोदायला लावलं. काम संपलं १६३० मध्ये. सुरुंगाची दारू खाणीत वापरायला युरोपात तेव्हा कुठे सुरुवात होत होती. यांची पद्धत अशी की तळाशी लाकडं रचायची, पेटवायची, कातळ लालबुंद झाला की पाणी मारायचं. तडकला की छिन्नी-घण घेऊन तेवढा खरवडायचा. मग पुन्हा लाकडं.

माझ्या वडिलांनी आयुष्यात तीन विहिरी खणून घेतल्यात. आधी माती, मग मुरूम, मग कातळ लागला की घरातली बोलणी बंद होतात, कारण पुढचा सगळा खर्च सुरुंगाचा आणि यारीचा. ते विहिरीच्या कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. खाली दिव्याच्या उजेडात भिंत चमकत होती आणि थंडगार हवा तोंडावर येत होती. मी फलक वाचून सांगितलं, बावीस वर्षं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे दिवसाला एक सेंटीमीटर. पेराच्या निम्मंसुद्धा नाही.” मग थोडं थांबून, “आमच्याकडे कंत्राटदार दुसऱ्या महिन्यात पळून गेला असता.” आणि मग जे मला कधी सुचलं नसतं ते म्हणाले, “खाली जाळ केला तर धूर कुठं जाणार? माणसं कशी उतरली असतील?” शिवनेरीवर गंगा-जमुनेच्या टाक्यात बारमाही पाणी असतं, इथेही तशी टाकी का नाही खोदली, हेही विचारून झालं. मी म्हटलं, खांबाखांबांत फटी, पाणी टिकणार कसं? ते ‘हं’ म्हणाले. पटलं की नाही कळलं नाही, पण तिथून हलायला मात्र तयार नव्हते. कातळाशी भांडलेल्या माणसाला ती विहीर कळते. तुमच्या बाबांचा शेतीशी संबंध नसेल तर आधी वरचा हिशेब सांगा, मग वाकायला लावा.

आईला विहिरीत रस नव्हता. तिचा जीव अडकला कोझेलच्या बुरुजात. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा आउगुस्ट, ज्याला इथे ‘बलवान’ म्हणतात, त्याची कोझेल ही लाडकी सरदारीण. लग्नाचं वचन त्यानं लेखी दिलेलं होतं. मग मर्जी उतरली, कागद परत मागितला, तो तिनं दिला नाही, पळून शेजारच्या प्रशिया राज्यात गेली, तिथं पकडून तिला परत पाठवण्यात आलं. १७१६ च्या नाताळात तिला या किल्ल्यात आणून ठेवलं तेव्हा ती ३६ वर्षांची होती. १७६५ साली इथेच वारली, ८४ व्या वर्षी. मधली सगळी, अठ्ठेचाळीस वर्षं आणि वर, याच टेकाडावर. राजा १७३३ मध्ये गेला तरी ती बाहेर पडली नाही.

संग्रहालयाचा बराच भाग तिच्याभोवतीच आहे. बुरुजातल्या एकावर एक खोल्या, जाड भिंती, खिडक्या लहान. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, “हिच्या माहेरचं कोणी आलं नाही का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण राजा एकदा आला होता ते सांगितलं. १७२७ साली, आणि तोही तिला भेटायला नाही, तर तोफांचे गोळे या कातळावर किती चालतात ते बघायला. सांगतात असं, की ती खिडकीतून त्याच्याशी बोलली, त्यानं टोपी काढली आणि घोडा वळवला. आई म्हणाली, “मेला कुठला!” मी जर्मन मार्गदर्शकाला ते भाषांतर करून सांगितलं नाही. तिची कबर प्रार्थनामंदिराच्या पडक्या जागेत आहे, बघून घ्या.

छळाची हत्यारं, कैद्यांची कोठडी वगैरेही आहे. आईबाबांना असलं आवडत नसेल तर सरळ पुढे जा, काही बिघडत नाही.

आता चार कामाच्या गोष्टी. ड्रेस्डेनहून बस आहे, साधारण तासाभराचा रस्ता. आगगाडीचं स्टेशनही आहे, पण ते गावाच्या खालच्या बाजूला आणि तिथून चढ बराच, गुडघेदुखी असेल तर बसच बरी. किल्ल्यात दगडी फरसबंदी आहे, पावसात निसरडी होते. आईला चपलांवर नेऊ नका, साडी असली तरी बूट. आम्ही रविवारी गेलो आणि परतीची बस डोळ्यांसमोरून गेली, पुढची दोन तासांनी. थांब्यावरच्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, त्यामुळे निभावलं. परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. गाडी असेल तर त्याच दिवशी जवळचे बास्टायचे सुळकेही होतात, पण तिथला दगड वेगळा, पिवळसर वालुकाश्म, आणि गर्दी दसपट. दोन्ही करायचं तर सकाळी लवकर बास्टाय, दुपारी स्टोल्पेन.

आणि एक, खांबांजवळ आईवर लक्ष ठेवा. हे ठिकाण संरक्षित आहे, दगड उचलायची सोय नाही. माझ्या आईला वाटेच्या कडेला हातभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी तुटलेला एक तुकडा दिसला. तिनं तो उचलून, वजन बघून, हातात फिरवून बघितला आणि म्हणाली, “वरवंटा करायला फक्त कडा मोडायला हव्यात.” जागेवर परत ठेवायला लावेपर्यंत माझी पुरेवाट झाली.