जंगल वाचवण्यासाठी गवत का जाळतात?

प्रश्न : जानेवारीअखेर देवलापारकडे जाताना वनकर्मचारी स्वतःच रस्त्याकडेचे गवत जाळताना दिसले. हे कसे? आणि जगभर वणवे इतके भीषण का होत आहेत? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण पाहिलीत ती जाळरेषा. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरावीक पट्टे जाळून मोकळे करतात, म्हणजे पुढे आग तिथवर आली तरी तिला पेटायला काही उरत नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि सागाच्या थाळीएवढ्या वाळक्या पानांवरून आग पुढे सरकते. ती विझवणारे भर उन्हात पाठीवरच्या ब्लोअरने पाला दूर सारतात, नाहीतर हिरव्या डहाळ्यांनी झोडपतात. या कष्टांची दखल फार कमी घेतली जाते.

पश्चिम अमेरिकेत शतकभर लहानसहान आगीही विझवल्याने जंगलात जळाऊ साठा वाढला, तापमानवाढीने तो अधिक कोरडा झाला आणि वस्ती जंगलाला भिडली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गाव वीजवाहिनीमुळे लागलेल्या वणव्यात बेचिराख झाले. ८५ माणसे गेली.

मोहाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली, तर पाला जाळावा लागत नाही.