डोळे मिटल्यावर एकटी बसू नकोस

गुडघेदुखीला आराम पडावा म्हणून तू डोळे मिटून मनात चित्र रंगवतेस, पण त्यात नुसत्या दुखऱ्या गुडघ्यावर प्रकाश पाडत बसतेस, तिथेच अडतंय. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत म्हण आहे, ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’: माणूस माणसांमुळे माणूस होतो. मग चित्रात माणसं आण ना!

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान या आदिवासी लोकांचं उपचारनृत्य मला यासाठी फार जवळचं वाटतं. रात्री शेकोटीभोवती बायका टाळ्या देत गातात, नाचणाऱ्यांच्या पायांतले किड्यांच्या वाळलेल्या कोशांचे खुळखुळे वाजत राहतात, आणि बरं करणारा फक्त आजाऱ्यालाच नाही, बसलेल्या प्रत्येकाला हात लावतो. ती ऊब मनात धर. शेजारी तुझी आजी, मावशी बसव. सान लोकांच्या विधीची नक्कल मात्र नको, तो त्यांचा आहे. आणि गुडघ्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस हं.