कोणता क्लास, यापेक्षा कुणाच्या वांगडा

डब्लिनहून एका आईचं पत्र आलं आहे. माहेर देवगडचं. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब मुंबईहून तिकडे गेलं. मुलगी नऊ वर्षांची. शाळेत तिला जवळचं असं कुणी नाही, घरी लहानसहान गोष्टींवरून चिडते, धाकट्या भावाला लागलं तरी जागची हलत नाही, असं त्या लिहितात. संगीत-नृत्याने मेंदू घडतो आणि दुसऱ्याचं दुःख कळायला लागतं, असं त्यांनी वाचलं आहे. सात वर्षांच्या आत सुरू केलं तरच उपयोग, असंही ऐकलं आहे. त्यांचा प्रश्न: "कथक लावू, पियानो लावू की दोन्ही? आणि उशीर तर झाला नाही ना?"

ताई, उशीर झालेला नाही. ते सात वर्षांचं कुठून आलं, ते आधी सांगते. मेंदूचे उजवा आणि डावा भाग जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वादकांचा हा पट्टा मोजला, तेव्हा सात वर्षांच्या आधी शिकायला लागलेल्यांमध्ये त्याचा पुढचा भाग मोठा दिसला. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली: तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांनी मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा व्यापलेली असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ही माणसं वर्षानुवर्षं रियाज केलेली. शनिवारी पाऊण तास क्लासला जाणाऱ्या मुलीला ते माप लावू नये. शिवाय बोटांची जागा वाढली म्हणून मनात दुसऱ्यासाठी जागा झाली, असं त्यातून निघत नाही.

हुशारीचंही तसंच. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला आणि एका प्रकारची कोडी त्यांना थोडी बरी सुटली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. तरी त्यावरून तान्ह्या बाळांसाठी सीडी विकल्या गेल्या. पुढे २०२० मध्ये ५४ अभ्यासांमधली जवळपास ७,००० मुलं एकत्र धरून पाहिलं गेलं. संगीत शिकल्याने गणित किंवा एकूण बुद्धी वाढते का? ज्या अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या, संगीत न शिकणाऱ्या गटातल्या मुलांनाही काहीतरी वेगळं शिकवलं होतं, त्यांत फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणून मार्कांच्या आशेने पियानो लावणार असाल, तर ते पैसे वाचवा. तिला सूर आवडत असतील तर जरूर लावा. आवड हे पुरेसं कारण आहे.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते. इथे मला मनापासून आशा वाटते.

कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या मॅकमास्टर विद्यापीठात चौदा महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन गाण्याच्या ठेक्यावर हलवलं. समोर एक बाई उभी. काही बाळांच्या समोर ती अगदी त्याच ठेक्यात हलायची, काहींच्या समोर वेगळ्या. नंतर तिच्या हातून वस्तू पडल्या, म्हणजे तिने मुद्दाम पाडल्या. जी बाळं तिच्याबरोबर एका ठेक्यात हलली होती, त्यांनी त्या उचलून द्यायला जास्त मदत केली. ज्यांना धड बोलताही येत नाही अशी बाळं ही! २०१४ चं हे काम आहे. त्याआधी २०१० मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या केल्या. काहींना एकत्र गायला-वाजवायला लावलं, काहींना तसाच खेळ गाण्याशिवाय दिला. मग एकाच्या नळीतून गोट्या सांडल्या की दुसरा धावतो का, ते पाहिलं. एकत्र गायलेली मुलं जास्त धावली. केंब्रिजमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या मुलांनी शाळेच्या वर्षभर गटाने संगीताचे खेळ खेळले, एकमेकांची नक्कल करायची, एकमेकांचा ठेका पकडायचा. वर्षाअखेरीस त्यांची दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची समज वाढलेली दिसली. मुलं थोडीच होती, तरी तुमच्या मुलीचं वय नेमकं त्यातलंच आहे.

या सगळ्यात कोणता राग, कोणतं वाद्य, कोणती परीक्षा, याला काही महत्त्व नव्हतं. शेजारी दुसरं माणूस होतं आणि त्याच्या लयीत लय मिसळायची होती. आमच्याकडे मालवणीत याला एक शब्द आहे, वांगडा. माझ्या वांगडा ये, म्हणजे माझ्या सोबतीने, माझ्या बरोबरीने ये. तुम्ही देवगडच्या, तुम्हाला हा शब्द समजावून सांगायला नको.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी मुलींना फुगड्यांसाठी गोळा करते. एका वर्षी परदेशातून आलेली एक मुलगी त्यात होती. चार वर्षं भरतनाट्यम शिकलेली. पावलं इतकी स्वच्छ की बघत राहावं. पण रिंगणात ती नजर समोर, वर कुठेतरी ठेवून नाचायची, जणू पुढे प्रेक्षक बसले आहेत. तिच्या जागी रिंगण दर फेरीला तुटायचं. तिला कळेना, आपलं काय चुकतंय, कारण पाऊल एकही चुकत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या काकीने तिचं मनगट धरलं आणि एवढंच म्हटलं, "बाय गो, माझ्या वांगडा ये." काकीचा एक गुडघा धरलेला, ती दर चौथ्या पावलाला जरा रेंगाळायची. मुलीला त्या रेंगाळण्यात यायला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी मी पाहिलं, तिचे डोळे काकीच्या पायांवर होते आणि काकीच्या आधी अर्धा क्षण तीच सावकाश होत होती. भरतनाट्यम वाईट असं मी म्हणत नाही. तिची तयारी होती म्हणूनच ती तीन दिवसांत हे शिकली. पण एकटीने नाचताना हे शिकायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती.

दोघींची फुगडी तर याहून उघड आहे. हातांची फुली करून धरायची, पाय जुळवायचे आणि अंग मागे टाकायचं. आपलं वजन समोरचीच्या मुठीत. ती जड असेल तर आपण किती मागे जायचं, ती घाबरली असेल तर किती सावकाश फिरायचं, हे सांगून येत नाही, हाताला कळतं. सोडलं की दोघी पडतात.

म्हाताऱ्या बायका खळ्याच्या कडेला बसून फुगड्या बघतात, तेव्हा त्यांचे पाय आपोआप हलतात, हे मी लहानपणापासून बघते आहे. २००५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी बॅले आणि ब्राझीलचा कापोएरा शिकलेल्या नर्तकांना दोन्ही नाचांच्या फिती दाखवल्या. आपण स्वतः शिकलेला नाच बघताना त्यांच्या मेंदूतले हालचालीशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. अंगाने केलेलं अंग ओळखतं. दुसऱ्याची हालचाल आपल्यात उमटते, एवढं यावरून म्हणता येईल. त्याच्या मनातलंही उमटतं असं म्हणायला मी धजणार नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. हॅमिल्टनच्या बाळांनी त्या बाईला मदत केली, पण तिथेच बसलेल्या तिऱ्हाईत बाईकडे ती मदत वळली नाही. एका लयीने जे जुळतं ते त्या लयीतल्या माणसांपुरतं. मानापानावरून पालखी अडल्याच्या गोष्टी आपल्या कोकणाला नव्या नाहीत. एकाच ढोलावर नाचणारी दोन घरं दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलत नाहीत. रिंगणात कुणाला घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, यावर सगळं ठरतं. म्हणून डब्लिनमध्ये फक्त मराठी मुलींचं रिंगण करू नका. तिच्या वर्गातल्या दोन आयरिश मुलींना बोलवा, वरच्या मजल्यावरच्या पोलिश किंवा ब्राझिलियन मुलीला बोलवा. झिम्म्याला भाषा लागत नाही. त्यांनी त्यांचा नाच शिकवावा, तुमच्या मुलीने झिम्मा. तिला शाळेत जवळचं कुणी नाही ही गोष्ट मला कथक-पियानोपेक्षा मोठी वाटते. तिच्या वर्गशिक्षिकेशीही एकदा निवांत बोला. देश सुटलेलं मूल चिडतं तेव्हा त्याला दया-माया नाही असं समजू नका. भावाला लागल्यावर ती हलत नाही, कारण कदाचित तिचंच कुठेतरी दुखत असेल.

क्लास निवडताना गुरूंना एक प्रश्न विचारा: मुलं एकत्र किती वेळ गातात-नाचतात? रांगेत उभी राहून प्रत्येकाने आरशात स्वतःकडे बघायचं, याला मी एकत्र म्हणणार नाही. कथकात एकीने तोडा नाचायचा आणि दुसरीने पढंत करत, म्हणजे त्याचे बोल म्हणत, हातावर ताल धरायचा, असं करून घेणारे गुरू मिळाले तर तिथेच घाला. तसे मिळाले नाहीत तर शाळेचा कोरस किंवा बँड याहून बरा. परीक्षा दोन-तीन वर्षं पुढे ढकलल्या तरी काही बिघडत नाही.

आजी देवगडला असेल, तर व्हिडिओ कॉलवर दोघींनी एकदम आरती म्हणायचा हट्ट धरू नका. आवाज जाऊन यायला वेळ लागतो, टाळ्या मागेपुढे होतात आणि मूल वैतागतं. आपल्या भजनाची रीत वापरा. बुवा ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. आजीने ओळ टाकायची, नातीने ऐकून उचलायची, मग नातीने टाकायची. मध्ये क्षणभर थांबावं लागलं तरी गाणं मोडत नाही, आणि उचलायचं तर आधी पूर्ण ऐकावं लागतं. रोज पाच मिनिटं पुरे. धाकट्याच्या हातात झांज द्या आणि ताईने कुठे थांबायचं ते त्याला ठरवू द्या. बहीण-भावाचं त्यातून काय होतं, ते मला नक्की कळवा.

गणपतीत तुमच्याकडे शाळा सुरू झालेली असते, येणं जमत नाही, हे मी जाणते. मग डिसेंबरच्या सुट्टीत या. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार चालतो आणि पहाटे दहीकाला होतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद नट तिथल्या तिथे एकमेकांना उत्तर देत रचतात. मुलीला रंगमंचाच्या बाजूला, पखवाजवाला दिसेल अशा जागी बसवा. राजा कधी पाऊल टाकणार, याकडे त्याचं सगळं लक्ष लागलेलं असतं. पाऊल आणि थाप एकाच वेळी पडतात. तिला विचारा, त्याला आधी कसं कळलं?

जत्रा तिथीप्रमाणे असतात आणि प्रत्येक गावाची वेगळी. तेव्हा आधी माहेरी फोन करून तिथी विचारा, मगच तिकिटं काढा.