एक्स-रे काढल्यावर किरणं अंगात राहतात का?

तुम्ही सोलापुरात रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहात. छातीचा एक्स-रे काढायला आलेल्या एका विडी कामगार मावशींनी विचारलं, "किरणं अंगात राहतात का?" तुम्ही "नाही" म्हणालात, पण कारण सांगता आलं नाही. मी याच शहरात बरीच वर्षं हे काम करतोय, म्हणून लिहितो.

आधी एक सांगतो, मावशींचा प्रश्न भाबडा नाही. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन करायच्या तपासण्यांत, टेक्नेशियम-९९एम टोचतात तेव्हा किरणं देणारा पदार्थ खरंच काही काळ अंगात असतो; त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, साधारण ६ तासांचं. आपल्या एक्स-रे ट्यूबमध्ये असा कुठलाही पदार्थ नसतो. तिथे असतात फक्त वेगाने टंगस्टनवर आदळणारे इलेक्ट्रॉन. पूर्व भागातला यंत्रमाग थांबला की खडखडाट भिंतीत साठून राहत नाही, तसंच हे. एक्स्पोजर संपलं की किरणं संपली.

मग अंगातले अणूच किरणोत्सारी होत असतील तर? इथे आकडे बघा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. टंगस्टनच्या के कक्षेतल्या, म्हणजे केंद्रकाच्या सर्वांत जवळच्या, इलेक्ट्रॉनला सुमारे ६९,५०० लागतात. केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायचा तर बहुतेक मूलद्रव्यांत कित्येक दशलक्ष. आपलं मशीन फार तर १५० केव्हीचं (किलोव्होल्ट), म्हणजे फोटॉनची ऊर्जा जास्तीत जास्त दीड लाख. एवढ्यात इलेक्ट्रॉन सुटतो, केंद्रक तसंच राहतं.

हेच आकडे तोंडी परीक्षेतही कामाला येतात. ६५ केव्हीला टंगस्टनची के-कॅरॅक्टरिस्टिक किरणं का मिळत नाहीत? ही किरणं के कक्षेतला इलेक्ट्रॉन उडाल्यावर त्याची जागा दुसरा घेतो तेव्हा निघतात; आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे ६५ हजारच असतात आणि हवेत ६९,५००. त्या सेटिंगला तुमचं चित्र जवळजवळ पूर्णपणे ब्रेमस्ट्रालुंगवर उमटतं, म्हणजे केंद्रकाजवळून वळताना मंदावलेल्या इलेक्ट्रॉनने सोडलेल्या किरणांवर. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एकदा कागदावर मांडून बघा. (आदळण्याच्या ऊर्जेतली सुमारे ९९ टक्के उष्णताच होते. म्हणून ३,४०० अंशांच्या पुढे वितळणारं टंगस्टन, आणि म्हणूनच फिरता ॲनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्यावर आदळतात ती चकती.)

पण "राहत नाहीत" म्हणजे "काहीच होत नाही" असं मावशींना सांगू नका. शरीरात शोषलेला फोटॉन इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्यातून डीएनएला इजा होऊ शकते. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करतं. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहून कमी असतो, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. थोडाच आहे, तरी विनाकारण दुप्पट का द्यायचा?

दुप्पट होतो तो बहुधा रिपीटमुळे, म्हणजे तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागल्यामुळे, आणि छातीच्या फिल्ममध्ये रिपीटचं एक नेहमीचं कारण म्हणजे श्वास नीट न रोखणं. आपल्याकडे निम्म्या वेळा समोरच्या माणसाला "श्वास रोखा" कळलेलंच नसतं. तेलुगूत "ऊपिरि बिगबट्टंडि", कन्नडमध्ये "उसिरु बिगि हिडिरि". हे दोन शब्दप्रयोग याच आठवड्यात तोंडात बसवा.