गोळी मनाने बंद करू नकोस

अगं, बायॉप्सीत ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे किडनीला आलेली सूज, आला म्हणून प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू झालीय ना? मग आधी हे ऐक: बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. मी माझ्या उपचाराच्या दुसऱ्या वर्षी तेच केलं. चार दिवसांत अंगातलं त्राण गेलं, उलट्या, चक्कर. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी (किडनीच्या वर असतात त्या) शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतात, त्यांना पुन्हा जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. गावाला जाताना चार गोळ्या जास्तच ठेव.

सकाळी नाश्त्यानंतर घे. रात्री घेतलीस तर छताकडे बघत पडशील. भूक राक्षसासारखी लागेल, पण पापड, लोणचं, फरसाण लांब ठेव, मिठाने सूज आणि बीपी वाढतं. चेहरा गोल होईल. लग्नकार्यात बायका 'तब्येत सुधारली गं' म्हणतील, हसून सोडून दे. डोस उतरला की तोही उतरतो. साखर, हाडं, डोळे यांच्या तपासण्या विचारून घे. ताप आला तर घरी थांबू नकोस. अंगदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन आणायचं नाही, किडनीला ते सोसत नाही. आणि लघवीला फेस वाढलेला दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लघवीतलं प्रोटीन तपासून घे.