विंडोज टाकताना अडलंय? तुमचे प्रश्न

विटा : सहा वर्षांचा डेस्कटॉप आहे. विंडोज ११ टाकायला घेतलं, तर डिस्क निवडताच 'एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही' असा मेसेज येतो. डी ड्राइव्हमध्ये घरातले सगळे फोटो आहेत. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तर चालेल का?

थांबा, काहीही फॉरमॅट किंवा डिलीट करू नका. सी फॉरमॅट करूनही हा मेसेज जाणार नाही, कारण पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, ही एकट्या सीची नसते, अख्ख्या डिस्कची असते. सेटअपचा पेन ड्राइव्ह यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करायच्या नव्या पद्धतीने सुरू झालाय आणि डिस्क अजून जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, एवढंच घडलंय. विंडोज ११ ला यूईएफआयच लागतं, म्हणजे डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या प्रकारच्या पार्टिशन टेबलची, करावी लागणार.

जुनं विंडोज अजून शाबूत असेल तर 'एमबीआर टू जीपीटी' ही विंडोजचीच कमांड डेटा न पुसता डिस्क बदलते. पण आधी तिचं 'व्हॅलिडेट' (काही न बदलता नुसती तपासणी) चालवून बघा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा डी हा लॉजिकल पार्टिशन (दुसऱ्या पार्टिशनच्या आत बनवलेला) असेल, तर ती नकार देते. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये डी बहुतेक वेळा लॉजिकलच निघतो.

तसं झालं तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातले वीसेक उघडून बघा. फाइलचं नाव दिसलं म्हणजे फोटो आला असं नसतं. मगच सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा. डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, या क्रमाने कमांड द्या. डिस्कचा नंबर ठरवताना जीबीचा आकडा वाचा, कारण यादीत पेन ड्राइव्हही असतो. 'क्लीन' म्हटलं की सी आणि डी दोन्ही जातात. नंतर रिकामी जागा निवडून नेक्स्ट करा. लागणारे छोटे पार्टिशन सेटअप स्वतः करून घेतो.

तासगाव : फाइल कॉपी होतात, रीस्टार्ट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सेटअप सुरू होतो.

पहिल्या रीस्टार्टला स्क्रीन काळी झाली की पेन ड्राइव्ह काढा. कॉम्प्युटरने कुठून सुरू व्हायचं त्या बूटच्या क्रमात तो अजून पहिला आहे.

पाटण : कधी २३ टक्क्यांवर, कधी ६१ वर सेटअप थांबतो. शेवटी ८००७०५७० असलेला कोड येतो.

कोडचा अर्थ, फाइल खराब आहे किंवा नीट वाचता येत नाही. दर वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर आधी पेन ड्राइव्हवर संशय घ्यावा. तुमचा आकडा बदलतोय, म्हणून मी आधी रॅम बघेन. तुमच्याकडच्या पावसात कॉन्टॅक्टवर काट चढतो. प्लग काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटका आणि खटका बसेपर्यंत पट्टी परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून सेटअप चालवा. मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या प्रोग्रॅममध्ये एक जरी एरर आली तरी ती पट्टी बदलायची, 'चालतेय तोवर चालू दे' इथे नको; अशी रॅम पुढे तुमच्या फाइलही बिघडवते.

रॅम ठीक निघाली तर किमान ८ जीबीचा दुसरा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर नव्याने तयार करा आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. तरीही अडलं तर डिस्कची साटा केबल बदलून बघा.

कराड : नव्या लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. एसएसडी गेली का?

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) एसएसडीचं नाव दिसतंय ना? मग ती बहुधा ठीक आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, तो फोल्डरमध्ये उलगडा (नुसती ईएक्सई फाइल चालत नाही), पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो फोल्डर दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण मग आतलं जुनं विंडोज सुरू होणार नाही.

जुना डेटा हवा असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि त्या कीशिवाय तो डेटा कोणत्याच दुकानात निघत नाही.